मायक्रॉनचा फलक: पद्मिनीच्या ब्लॉकवरच्या प्रकल्प नोंदी

१८ जानेवारी २०२५

इंजिनाचा ब्लॉक आला. प्रीमियर पद्मिनीचा, १०८९ सीसी, चार सिलिंडर, बिडाचा. सोबत क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीनं फिरणारा दांडा), दोघांना जोडणारे रॉड, पिस्टन आणि ॲल्युमिनियमचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण. तंत्रशाळेनं भंगारातून वजनावर घेतलाय, त्यामुळे गाडी किती किलोमीटर पळाली वगैरे काही कळायला मार्ग नाही.

काम असं ठरलंय: शाळेच्या कार्यशाळेत एक कायमचं प्रदर्शन उभं करायचं, विषय मोटारीच्या इंजिनातली अचूकता कशी वाढत गेली. एरवी मी कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एका मशिनशॉपमध्ये तपासणी विभाग बघते. शनिवारी दुपारनंतर इथं.

निदेशक सरांच्या मनात एक तक्ता आहे. डावीकडे साल, उजवीकडे टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, आणि आकडा खाली खाली लहान होत जाणारा. करायला सोपा, बघायलाही बरा. मला मात्र तो पटत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या पट्टीच्या फिटरच्या हातून पाच मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काम होत नव्हतं असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. होत होतं. मग बदललं काय, याचं उत्तर फलकावर हवं.

पद्मिनी निवडण्याची दोन कारणं. एक, हे इंजिन आपल्या लोकांना घरचं आहे. मूळ फियाट ११००; वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्यात बनवलं; मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत ते ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावलं. दुसरं कारण मापाचं. याचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८ मिमी आणि मारुती ८०० चा ६८.५ मिमी. शाळेत मारुतीचा एक जुना ब्लॉक पडून आहेच. फरक अर्ध्या मिलिमीटरचा, पण दोन इंजिनांच्या जन्मात एक अख्खी पिढी गेलेली. शेजारी शेजारी ठेवायला याहून चांगली जोडी मिळायची नाही.

२५ जानेवारी

धुणं-पुसणं झालं. डिझेलमध्ये भिजवून, ब्रशनं घासून, हवा मारून. मग मापं.

पिस्टनच्या डोक्यावर ०.४ कोरलेलं आहे, म्हणजे ब्लॉक एकदा बोअर होऊन गेलाय (भोक पोखरून मोठं केलंय) आणि आत पहिला ओव्हरसाइझ (मूळ मापापेक्षा मोठा पिस्टन) बसलेला नाही, पुढचा आहे. बोअर डायलनं (आतला व्यास सुईनं दाखवणारा गेज) तीन उंचीवर, दोन दिशांना मापं घेतली: क्रँकच्या रेषेत आणि तिला आडवी. तिसऱ्या सिलिंडरची अवस्था सगळ्यात वाईट. वरच्या रिंगची जिथं परतफेरी होते तिथं आडव्या दिशेनं ६८.५३, क्रँकच्या रेषेत ६८.५०. तळाशी ६८.४२. म्हणजे वर-खाली अकरा शतांश मिलिमीटरचा टेपर (निमुळतेपणा) आणि तीन शतांशाची ओव्हॅलिटी (लंबगोलपणा). पोरांना नखानं वरचा काठ चाचपायला लावला, नख अडकतं.

झीज वरच जास्त का, हे त्यांच्याकडूनच काढून घेतलं. वरच्या टोकाला पिस्टन क्षणभर थांबतो, तेलाचा पडदा तुटतो, त्याच वेळी स्फोटाचा दाब रिंगेच्या मागे जाऊन तिला भिंतीवर रेटतो. आणि आडव्या दिशेला जास्त, कारण रॉड तिरका असतो आणि पिस्टनला एका अंगाला ढकलत असतो. हे पुस्तकात आहेच, पण डायलची सुई स्वतः हलताना बघितली की डोक्यात बसतं.

सिलिंडरच्या भिंती आरशासारख्या चकचकीत. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, ह्यो तर मस्त दिसतोय की." मस्त अजिबात नाही. या चकाकीबद्दल पुढे वेगळी नोंद करायची आहे.

१ फेब्रुवारी

आज मोजण्याचंच मोजमाप केलं. एकच बोअर, एकच उंची, खडूची खूण करून. तिघा मुलांनी एकमेकांचं न बघता आळीपाळीनं मापं घेतली आणि कागदावर लिहून उलटी ठेवली.

शेवटी कागद पालथे केले तर तिघांच्या मापांत मिळून दीड शतांश मिलिमीटरचा पसारा. बोअर तोच, गेज तोच. एकानं गेज डोलवताना सगळ्यात लहान वाचन पकडलं नव्हतं, दुसऱ्याचा हात गरम होता आणि त्यानं गेज मुठीत धरून ठेवला होता, तिसऱ्याचं वाचन मात्र प्रत्येक वेळी जवळजवळ तेच.

कारखान्यात हे आम्ही रीतसर करतो आणि त्याखेरीज कुठल्याही आकड्यावर विश्वास ठेवत नाही. जुना नियम असा की जेवढं टॉलरन्स असेल त्याच्या दहाव्या भागाइतकं बारीक वाचणारं साधन हवं. दोन शतांशाचं टॉलरन्स असेल तर दोन मायक्रॉन वाचता आलं पाहिजे. आमचा डायल शतांश वाचणारा. एक मायक्रॉनचा डायल कारखान्यातून उसना मागितलाय.

माझ्या मते सगळ्या विषयाची नाडी इथंच आहे. कापणारं यंत्र पुढे गेलं ते मोजणारं साधन त्याच्या आधी पुढे गेलं म्हणून.

८ फेब्रुवारी

पहिल्या फलकाचा मजकूर. सुरुवात मोटारीपासून करायची की वाफेच्या इंजिनापासून, यावर सरांशी बरंच बोलणं झालं. मी वाफेवर ठाम आहे, कारण सिलिंडर गोल करायचा प्रश्न तिथं पहिल्यांदा जिवावर बेतला.

जेम्स वॅटच्या डोक्यात वेगळ्या कंडेन्सरची (वाफ थंड करणाऱ्या भांड्याची) कल्पना १७६५ मध्ये आली, पण चालणारं मोठं इंजिन उभं राहायला दहा वर्षं गेली. अडचण कल्पनेची नव्हती, सिलिंडरची होती. पिस्टन आणि भिंत यांतून वाफ निसटायची. फट बुजवायला दोर, चिंध्या, जे हाताला लागेल ते कोंबायचे. त्या काळच्या बोअरिंग यंत्रात कापणारं पातं एका लांब दांड्याच्या टोकाला असे आणि दांड्याचं दुसरं टोक अधांतरी. ओतीव कामात भोक जसं वाकडं आलेलं असेल तसाच दांडा त्यात वाकत पुढे जाई. भोक गुळगुळीत होई, सरळ होत नसे.

जॉन विल्किन्सननं १७७४ मध्ये तोफा पोखरायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि लगेच वेल्समधल्या बर्शमला वॅटच्या सिलिंडरसाठी वेगळं यंत्र केलं. त्यात दांडा सिलिंडरच्या आरपार गेलेला आणि दोन्ही टोकांना टेकू दिलेला. आता दांडा वाकड्या भोकाच्या मागे जाऊ शकत नव्हता. वॅटचा भागीदार मॅथ्यू बोल्टननं १७७६ मध्ये लिहून ठेवलं की ५० इंच व्यासाच्या सिलिंडरात जुन्या शिलिंगाच्या जाडीइतकीही चूक नाही. म्हणजे सव्वा मीटरच्या व्यासाला साधारण मिलिमीटरभर. आज हसू येईल असा आकडा, पण त्या मिलिमीटरवर वाफेचं युग उभं राहिलं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं बोअरिंग मशीनही याच तत्त्वाच्या आधारावर उभं आहे: कापणारं टोक वाकता कामा नये. पोरांना तिथं नेऊन दाखवायचं.

फलकावर एक वाक्य जाड अक्षरात हवं: विल्किन्सनचा सिलिंडर अचूक होता, पण त्याचा पिस्टन त्याच्यासाठीच बनवलेला होता. दुसऱ्या सिलिंडरात तो बसला नसता.

२२ फेब्रुवारी

उद्यमनगर. बोअरिंगवाल्या काकांकडे ब्लॉक घेऊन गेलो. काकांचे वडील ऑइल इंजिनांची कामं करायचे, त्याच पेढीवर आता मोटारींचे ब्लॉक येतात. इथं माप अजून थाऊमध्ये चालतं. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साडेपंचवीस मायक्रॉनला थोडा कमी.

काकांनी बोअर हात घालून चाचपला, मग डायल लावला, आणि माझा आकडा न विचारता तिसऱ्या सिलिंडरवर बोट ठेवलं. "हाच काढतोय सगळ्यांचं माप. ह्यो ०.६ ला निघाला तर बाकीचे निघतीलच." सगळ्यात खराब सिलिंडर ज्या मापाला साफ होईल, ते माप चौघांना.

त्यांनी एक अट घातली: आधी चारही पिस्टन आणून द्यायचे. पिस्टन हातात आल्याशिवाय ते बोअर करत नाहीत. प्रत्येक पिस्टन मोजतात, त्यावर १ ते ४ आकडे टाकतात आणि मग एकेक सिलिंडर त्या-त्या पिस्टनच्या मापाला होनिंग करून (दगडानं बारीक घासून) आणतात. दोन पिस्टनांत शतांशाचा फरक असला तरी बिघडत नाही. भोक त्याप्रमाणे होईल.

बाहेर आल्यावर पोरांना विचारलं, हे विल्किन्सनच्या जवळचं की मारुतीच्या कारखान्याच्या जवळचं? एकीनं लगेच सांगितलं, विल्किन्सनच्या. झिजलेला जुना ब्लॉक दुरुस्त करताना हीच पद्धत बरोबर आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. काकांचा होन केलेला बोअर चार मायक्रॉनच्या आत गोल असतो, मी स्वतः मोजलाय. पण या पद्धतीनं दिवसाला हजार गाड्या बनत नाहीत, आणि एका गाडीचा पिस्टन दुसरीत जात नाही.

१ मार्च

आजची नोंद लांबेल. मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत आवडता प्रसंग फलकावर नीट मांडायचाय.

१९०८, इंग्लंड. अमेरिकी मोटारी म्हणजे स्वस्त माल अशी तिथल्या लोकांची समजूत. कॅडिलॅकचे लंडनमधले विक्रेते फ्रेडरिक बेनेट यांनी रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली परीक्षा द्यायची ठरवली. त्यांच्याकडच्या साठ्यातून क्लबनं एक सिलिंडरच्या तीन मॉडेल के गाड्या निवडल्या. ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर नेऊन तिन्ही पूर्ण खोलल्या. प्रत्येकीचे ७२१ भाग. सगळे एका ढिगात मिसळले. त्यातले ८९ भाग क्लबनं काढून घेतले आणि त्यांच्या जागी विक्रेत्याच्या कपाटातले सुटे भाग दिले. मग कारागिरांनी त्या ढिगातून तीन गाड्या परत जोडल्या, फक्त पाने आणि स्क्रू ड्रायव्हर वापरून. कानस नाही, घासणं नाही, ठोकणं नाही. जोडलेल्या गाड्या त्याच धावपट्टीवर ५०० मैल पळवल्या. तिन्ही पळाल्या. त्याबद्दल कॅडिलॅकला ड्यूअर ट्रॉफी मिळाली.

ज्यानं कधी बेअरिंगला निळा रंग लावून स्क्रेपरनं तासलं असेल त्यालाच या परीक्षेचं वजन कळेल. त्या काळी युरोपातल्या भारीतल्या भारी गाड्या फिटरच्या हातानं बसत होत्या. त्यांचा एखादा सुटा भाग कॅडिलॅकच्या भागापेक्षा सुबकही असेल. पण तो त्याच गाडीचा भाग होता.

यामागचा माणूस हेन्री लेलँड. अमेरिकेतल्या बंदुकांच्या कारखान्यात शिकलेला, मग ब्राउन अँड शार्पमध्ये, जिथं मोजायची साधनंच बनत. बंदुकीच्या कारखान्यातली अदलाबदलीची शिस्त त्यानं मोटारीत आणली.

आणि त्याच सुमारास लेलँडच्या कारखान्यात स्वीडनहून एक पेटी आली. कार्ल एडवर्ड योहान्सन हा एस्किलस्टुना इथल्या सरकारी बंदूक कारखान्यातला कारागीर. १८९६ मध्ये जर्मनीतल्या माउझर कारखान्यातून परतताना आगगाडीत त्याला सुचलं की प्रत्येक मापासाठी वेगळं गेज ठेवण्यापेक्षा मोजके ठोकळे असे निवडावेत की ते जोडून कुठलंही माप तयार होईल. १०२ ठोकळे, आणि त्यांतून एका शतांशाच्या टप्प्यानं वीस हजार मापं. घरी बायकोचं शिवणयंत्र बदलून घेऊन त्यावर त्यानं ठोकळे घासले. पुढे १९२३ मध्ये हेन्री फोर्डनं त्याला आपल्याकडेच घेतलं.

तंत्रशाळेच्या कपाटातली स्लिप गेजची, म्हणजे अशाच ठोकळ्यांची, पेटी काढली. दोन ठोकळे पुसून एकावर एक आडवे ठेवून सरकवले की चिकटतात आणि उचलले तरी सुटत नाहीत. पोरांनी आळीपाळीनं करून बघितलं, कुणाला पेटी सोडवेना. आमचा मायक्रोमीटर याच ठोकळ्यांवर तपासतो, मायक्रोमीटरवरून बोअर डायल लावतो, डायलवरून पद्मिनी मोजतो. ही साखळी फलकावर चित्रानं दाखवायची. कोल्हापुरातला शतांश आणि डेट्रॉइटमधला शतांश एकच असण्याचं कारण ही साखळी.

८ मार्च

फोर्ड. थोडक्यात घेते, कारण मॉडेल टीबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं. १९०८ ते १९२७, दीड कोटी गाड्या. आपल्या विषयापुरतं महत्त्वाचं एवढंच की फोर्डच्या हायलँड पार्क कारखान्यात अचूकता माणसाकडून फिक्स्चरकडे गेली. ब्लॉक चारी बाजूंनी एकाच वेळी भोकं पाडणाऱ्या यंत्रात जाई. भोक कुठं पडायचं हे कामगारानं ठरवायचंच नाही. ब्लॉक पकडणारा साचा ठरवणार. गो आणि नो-गो गेज: एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. आकडा वाचायचीही गरज नाही.

सरांना हे पान मोठं हवंय. मला वाटतं एक फोटो आणि एक नो-गो गेज हातात घ्यायला पुरे.

२२ मार्च

पिस्टन आले. ०.६ ओव्हरसाइझ. चारही मोजले, एकमेकांत सहा मायक्रॉनचा फरक.

आज गटांचा विषय. समजा, बोअरला ६८.५० ते ६८.५२ एवढी मोकळीक दिली आणि पिस्टनला ६८.४६ ते ६८.४८. कुठलाही पिस्टन कुठल्याही बोअरमध्ये घातला तर फट ०.०२ पासून ०.०६ पर्यंत काहीही येईल. दोन शतांशांची इंजिनं तापल्यावर आवळतील, सहा शतांशांची थंडीत खडखडतील. टॉलरन्स निम्मं करायचं तर यंत्रं महाग, रिजेक्शन जास्त. मग उपाय: दोन्ही मोजायचे, मोठे बोअर एका गटात, लहान दुसऱ्यात, पिस्टनही तसेच, मोठ्याला मोठा, लहानाला लहान. आता फट ०.०३ ते ०.०५ मध्येच. यंत्र तेच, कापणं तेच, फक्त मोजून वर्गवारी केली आणि पसारा अर्ध्यावर आला.

सुझुकीच्या त्या पिढीतल्या इंजिनांत पिस्टनवर १ किंवा २ मारलेला असतो आणि ब्लॉकवरही तोच आकडा. दोन गटांत एका शतांशाचा फरक. मारुतीच्या ब्लॉकवरचा गंज घासल्यावर आकडे सापडले. पोरांचा आरडाओरडा ऐकून शेजारच्या वर्गातले सर बघायला आले.

मला वाटलं होतं गटवारी ही मधल्या काळातली तडजोड, हल्ली ती गेली असेल असं फलकावर लिहिता येईल. तसं लिहिता येणार नाही. आजही क्रँकच्या मेन बेअरिंगचे शेल (क्रँक ज्यांत फिरतो ते अर्धगोल पातळ पत्रे) रंगाच्या खुणेनं निवडले जातात; ब्लॉकवर आणि क्रँकवर कोड असतो, दोन्ही जुळवून कुठल्या जाडीचा शेल ते ठरतं. फरक इतकाच की पूर्वी ते माणूस करायचा आणि आता मोजणारं यंत्र कोड टाकतं. डिझेलच्या इंजेक्टरमध्ये तर सुई आणि तिची नळी यांतली फट दोन-चार मायक्रॉनची; तिथं जोडीनंच काम होतं आणि जोडी मोडायची नसते. नाशिकच्या बॉशच्या कारखान्यात अशी नोझलं बनतात, आपल्या राज्यातलं हे उदाहरण फलकावर आलंच पाहिजे.

५ एप्रिल

ऊन. दुपारी कार्यशाळेत ३६ अंश.

जगभर लांबीची मापं २० अंश सेल्सिअसला धरतात. योहान्सननं ठोकळे त्याच तापमानाला ठरवले होते. बीड एका अंशाला मीटरमागे साधारण ११ मायक्रॉन वाढतं. ६८ मिमीचा बोअर, १६ अंश जास्त: १२ मायक्रॉन. म्हणजे सुझुकीचा अख्खा एक गट उन्हानंच खाल्ला! पोलादी गेज तेवढाच तापलेला असेल तर तोही जवळजवळ तेवढाच वाढतो आणि चूक झाकली जाते. पण पिस्टन ॲल्युमिनियमचा. तो दुपटीनं वाढतो, २५ मायक्रॉनच्या आसपास. एसी खोलीत मोजलेला पिस्टन आणि उन्हात मोजलेला ब्लॉक यांची वजाबाकी केली तर जे उत्तर येईल त्याला काही अर्थ नाही.

सगळं रात्रभर एसी खोलीत ठेवून सकाळी मोजायचं ठरलं. मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली.

इंजिन चालताना तर भिंत शंभराच्या वर आणि पिस्टनचं डोकं त्याहून कितीतरी गरम. म्हणून पिस्टन थंड असताना गोल नसतोच: पिनच्या दिशेला चपटा, डोक्याकडे निमुळता, तापल्यावर नीट बसेल असा मुद्दाम वाकडा घडवलेला. पद्मिनीचे पिस्टनही असेच. अलीकडच्या काही इंजिनांत हा विचार सिलिंडरपर्यंत पोचलाय. फॉर्म होनिंग म्हणतात त्यात थंड सिलिंडर मुद्दाम सरळ ठेवत नाहीत, तापल्यावर तो सरळ होतो.

१२ एप्रिल

एका मोठ्या कारखान्याच्या ब्लॉक लाइनची भेट, मुलांसह. मोबाइल बाहेर ठेवायचे होते, त्यामुळे नोंद आठवणीतून.

होनिंगच्या दगडांतूनच हवेचं गेज बोअर मोजत असतं. माप आलं की यंत्र स्वतः थांबतं. दगड झिजला तर भरपाई स्वतः करतं. शेवटी प्रत्येक सिलिंडरचं माप त्या ब्लॉकच्या कोडशी जोडून साठवलं जातं. माणूस कुठं? पडद्यासमोर, नियंत्रण आलेख बघत.

हा आलेख वॉल्टर शुहार्टचा. १६ मे १९२४ रोजी बेल टेलिफोनच्या गोतावळ्यातल्या वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये त्यानं वरिष्ठांना एक पानी टिपण दिलं, त्यात पहिला आलेख होता. म्हणणं साधं: प्रत्येक प्रक्रियेत नेहमीचा थोडा हेलकावा असतो, तो असू द्या, त्याबाहेर काही घडलं की मगच हात घाला. यातून एक मोठा पालट झाला. भाग मर्यादेत आहे का, हा प्रश्न मागे पडला. प्रक्रिया कुठं सरकते आहे, हा पुढे आला. आज गिऱ्हाईक आमच्याकडे सीपीके (प्रक्रिया मर्यादेच्या किती आत राहते त्याचा आकडा) १.३३ मागतं, म्हणजे सरासरी जवळच्या मर्यादेपासून चार सिग्मा दूर हवी; सिग्मा म्हणजे मापांच्या पसाऱ्याचं माप. कित्येक जण १.६७ मागतात. एकही भाग मर्यादेबाहेर नसताना आम्ही यंत्र थांबवतो. माझ्या आजोबांच्या पिढीतल्या टर्नरला हे वेडेपणाचं वाटलं असतं.

परतताना मोजण्याच्या खोलीत सीएमएम, म्हणजे भागाला स्पर्श करून मापं घेणारं यंत्र, बघितलं. टोकाला माणकाचा बारीक गोळा असलेला प्रोब. स्पर्श झाला की सिग्नल देणारा हा प्रोब डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी १९७२ मध्ये रोल्स-रॉइसमध्ये असताना केला, काँकॉर्ड विमानाच्या ऑलिंपस इंजिनातल्या नळ्या मोजता येईनात म्हणून. विमानासाठी जन्मलेलं साधन मोटारीच्या ब्लॉकपर्यंत आलं.

१९ एप्रिल

काकांकडे बोअर आणि होनिंग. ६८.५५ पर्यंत बोअर, उरलेलं होनिंगला.

होनिंगआधी आम्ही चाळीस मिलिमीटर जाडीची प्लेट करून घेतली होती, हेडच्या बोल्टांची भोकं आणि चार मोठी खिडकी-भोकं पाडलेली. ही प्लेट ब्लॉकवर गॅस्केटसह ठेवून हेडइतक्याच टॉर्कनं (पिळाच्या जोरानं) आवळायची. काका आधी नाखूश होते, कारण पद्मिनीला असलं कुणी करत नाही. बोल्ट आवळण्याआधी आणि नंतर मापं घेतली. वरच्या भागात, बोल्टांच्या जवळ, बोअर बारा ते पंधरा मायक्रॉननं वाकडा झाला. काकांनी डायल स्वतः हातात घेऊन पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही गोल करून देतोय आणि हेडवाला वाकडं करतोय."

प्लेट आवळूनच होन केलं. प्लेट काढली की आता बोअर वाकडा दिसतो, हेड बसलं की गोल होईल. कारखान्यांत ही पद्धत बऱ्याच वर्षांपासून आहे.

आता त्या चकाकीची गोष्ट. होन केलेल्या भिंतीवर तिरक्या रेघांची जाळी उमटते. त्या चरांत तेल टिकतं. आमच्या ब्लॉकची जाळी झिजून गेली होती, म्हणून आरसा दिसत होता, आणि अशी इंजिनं तेल खातात. पण नुसती खरखरीत जाळीही चालत नाही, तिची टोकं रिंगा कापतात. म्हणून आधी जाड दगडानं खोल चर, मग बारीक दगडानं फक्त टोकं उडवायची. याला प्लॅटो होनिंग म्हणतात. मसाई पठार डोळ्यांसमोर आणा: वर सपाट सडा, मध्ये खोल घळी. पिस्टन सड्यावरून जातो, तेल घळीत राहतं.

खरखरीतपणा मोजणाऱ्या उसन्या रफनेस टेस्टरवर दोन्ही टप्प्यांचे आलेख काढले. सरासरी खरखरीतपणाचा एकच आकडा इथं उपयोगाचा नाही, कारण टोकदार डोंगर आणि सपाट पठार यांचा आकडा सारखा येऊ शकतो. म्हणून टोकं, गाभा आणि घळी यांची वेगवेगळी मापं देणारं मानक आलं.

आणि यातूनच एका जुन्या गोष्टीचा उलगडा होतो. पूर्वी नव्या गाडीच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन' अशी पाटी असायची. पहिले हजारेक किलोमीटर हळू चालवायची, मग तेल बदलायचं. ती टोकं रस्त्यावर, गिऱ्हाइकाच्या पेट्रोलवर घासली जायची आणि तो चुरा तेलात उतरायचा. आता ते काम होनिंगच्या शेवटच्या टप्प्यात कारखान्यातच होतं. मॅन्युअलमध्ये सुरुवातीला जपून चालवा असं अजूनही लिहितात, पण पाटी गेली. ०डब्ल्यू-२० सारखं पातळ तेल चालतं तेही काही अंशी यामुळेच. पद्मिनीत ते घातलं असतं तर टिकलं नसतं. आणि तेल जळू न देण्यामागे २०२० पासूनच्या बीएस ६ सारख्या प्रदूषणाच्या नियमांचा रेटा मोठा आहे. जळलेल्या तेलाची राख धुराड्यातला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिस्ट निकामी करते.

२६ एप्रिल

एसी खोलीत रात्रभर ठेवलेल्या ब्लॉकची शेवटची मापं, प्लेट आवळलेल्या अवस्थेत. चारही सिलिंडर आपापल्या पिस्टनला पाच शतांशाची फट देतात, वर-खाली चार मायक्रॉनच्या आत. काकांना फोन करून आकडे वाचून दाखवले.

सालवार टॉलरन्सचा तक्ता फलकातून काढायला सर तयार झाले. त्यांना पटलं ते काकांच्या चार मायक्रॉनमुळे. पन्नास वर्षांपूर्वीचा ब्लॉक, साधं होनिंग यंत्र, आणि आकडा आजच्या लाइनच्या शेजारी बसण्यासारखा. मग फरक कशात? काकांच्या चार सिलिंडरांना चार वेगळी मापं आहेत आणि प्रत्येकाचा पिस्टन ठरलेला. लाइनवर दिवसभरात निघालेले सगळे सिलिंडर एकमेकांसारखे, आणि यंत्र सरकायला लागलं तर कुणाच्या तरी लक्षात येतं. फलकावर साल कमी आणि प्रत्यक्ष वस्तू जास्त: विल्किन्सनच्या दांड्याचं चित्र, स्लिप गेज, नो-गो, गटाचा आकडा दिसेल असा मारुतीचा ब्लॉक, टॉर्क प्लेट, होनिंगचे दोन आलेख.

पिस्टन खोक्यातून मुद्दाम बदलून घालून बघता येतील अशी सोय हवी, असं एका मुलीनं सुचवलं. दोन नंबरचा पिस्टन तीन नंबरमध्ये घातला की फट किती मायक्रॉननं बदलते ते बघणाऱ्यानं स्वतः मोजायचं. चांगली सूचना. त्यासाठी एक मायक्रॉनचा डायल कायमचा लागेल, उसना चालणार नाही. खरेदीचा अर्ज आज लिहून दिला.

राहिलेलं: पिनांचे सर्क्लिप, स्टँडला रंग, आणि ब्लॉकला तेलाचा हात. पावसाळ्याआधी हे झालंच पाहिजे, नाहीतर जूनमध्ये नवी जाळी गंजेल.